सायकल ट्रॅकला रंग दिल्यानं नक्की काय होतं?

चाकावरती | सोमवार, रात्री ९.४०

आमच्या उपनगरातल्या मुख्य रस्त्याच्या कडेनं सायकल ट्रॅक आहे. (शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर दहाव्या प्रतिसादापर्यंत धागा मिसळीवर जाईल.) इतकी वर्षं तो राखाडी पेव्हर ब्लॉकचा होता आणि त्यावर दुचाक्या, भाजीची गाडी, विजेचा डीपी असं सगळं सुखानं नांदत होतं. गेल्या पावसाळ्यानंतर त्यातला निम्मा भाग लाल रंगवला. निम्माच, कारण 'फेज वन'.

गंमत अशी की ब्लॉक तेच, रुंदी तीच, डीपीही तिथंच. तरी लोक लाल भागात वेगळं वागतात आणि राखाडी भागात वेगळं. राखाडीवर गाडी लावणारा इकडंतिकडं बघतसुद्धा नाही. लालवर लावणारा गाडी स्टँडला लावायच्या आधी एकदा मागं वळून बघतो, आणि मग लावतोच. सकाळी मात्र लाल भाग चालणाऱ्यांनी फुललेला असतो. एका काकांना म्हटलं, हा सायकलींसाठी आहे. तर म्हणाले, "अहो, जॉगिंग ट्रॅक ना हा? स्टेडियमवर असतो तसाच लाल आहे की!"

आता 'फेज टू'साठी वॉर्डात बैठक आहे. लाल, हिरवा, निळा असे तीन नमुने दाखवणार म्हणे. रंगानं बघणाऱ्याच्या डोक्यात खरंच काही बदलतं, की पैसे पाण्यात? परदेशात राहणाऱ्यांनी आणि रस्त्याच्या कामातल्या लोकांनी जरूर लिहा.

टपरीसम्राट | सोमवार, रात्री ९.५२

शहर पुणे. "मागं वळून बघतो आणि मग लावतोच" यावरून ओळखलं.

खड्डेश्वर | सोमवार, रात्री १०.०५

रंगाची चर्चा रस्ता असलेल्यांनी करावी. आमच्याकडं आधी रस्ता येऊ द्या. (वाचतोय.)

शेवंती_क | सोमवार, रात्री ११.३०

मी उत्रेख्तला राहते. नेदरलँड्समध्ये सायकलचा रस्ता म्हणजे लाल डांबर, हे समीकरण इतकं पक्कं आहे की माझ्या मुलीला ते कुणी शिकवल्याचं मला आठवत नाही. पण कायद्यानं रंगाला इथं काही अर्थ नाही. ट्रॅक सायकलींचा ठरतो तो पाटीनं: निळा गोल आणि त्यात पांढरी सायकल. लाल रंग ही फक्त रूढी आहे.

मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते गल्लीच्या तोंडाशी. मुख्य रस्त्याला लागून सायकलचा लाल पट्टा येतो आणि गल्ली आडवी आली तरी तो तुटत नाही. त्याच उंचीवर, त्याच रंगात सरळ पुढं जातो. गल्लीतून येणाऱ्या मोटारीला छोट्या उतरणीवरून वर चढावं लागतं, लाल पट्टा ओलांडावा लागतो आणि पुन्हा खाली उतरावं लागतं. मोटारवाल्याच्या पाठीला कळतं की आपण दुसऱ्याच्या हद्दीतून चाललोय. तिथला लाल रंग काढून टाकला तरी तो चढ काम करेल. चढ काढून नुसता लाल ठेवला तर किती करेल, शंका आहे.

काही रस्ते तर पूर्ण लाल असतात, मोटारींनाही परवानगी असते, पण पाटीवर लिहिलेलं असतं की मोटार इथं पाहुणी आहे. अशा रस्त्यावर सायकलच्या मागं मुकाट चालणाऱ्या मोटारी बघितल्या की भारतातून आलेले माझे सासरे अजून हसतात.

आणि काकांना नावं ठेवू नका. ॲमस्टरडॅममध्ये पर्यटक बॅगा घेऊन नेमके लाल पट्ट्यावरच उभे राहतात. त्यांनाही तो छान रंगवलेला फुटपाथ वाटतो.

टपरीसम्राट | सोमवार, रात्री ११.४१

"मोटार इथं पाहुणी आहे" ही पाटी आमच्याकडं लावली तर मोटारवाला म्हणेल, मग चहा कुठंय?

दुकानदार_कोपऱ्यावरचा | मंगळवार, सकाळी ८.१५

सगळे सायकलवालेच बोलतायत म्हणून लिहितो. माझं दुकान अशाच एका ट्रॅकला लागून आहे. ब्लॉक राखाडी होते तोवर भांडण नव्हतं. गिऱ्हाईक दोन मिनिटं गाडी लावायचं, टेंपो माल उतरवायचा, एखादी सायकल आली तर बाजूनं जायची. रंग दिल्यापासून रोज कटकट. जागा एक इंचही बदललेली नाही, पण आम्हा दुकानदारांना वाटायला लागलं की समोरची जागा काढून घेतली, आणि सायकलवाल्यांना वाटायला लागलं की त्यांना सात-बारा मिळाला. माल उतरवायला जागा कुठं ते कुणी सांगत नाही. आधी ते सांगा आणि मग हवा तो रंग द्या.

चाकावरती | मंगळवार, सकाळी ८.५०

दादा, तुम्ही विरोधात लिहिलंय, पण माझ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं दिलंयत. जागा तीच आणि नुसत्या रंगानं दोन्ही बाजूंना मालकी जाणवायला लागली. माल उतरवण्याच्या जागेचं मात्र शंभर टक्के मान्य, बैठकीत मांडतो.

डांबरट | मंगळवार, दुपारी १.२०

धंदा रस्त्यांचाच, म्हणून थोडं मालमसाल्याबद्दल.

जग लाल का वापरतं? मानसशास्त्र वगैरे नंतर, आधी रसायन बघा. लाल रंगद्रव्य म्हणजे आयर्न ऑक्साइड. आपला गेरू तो हाच. स्वस्त, उन्हानं न विटणारा आणि नेहमीच्या काळ्या डांबरात मिसळला तरी निदान विटकरी तांबूस छटा देणारा. हिरवा किंवा निळा काळ्या डांबरात घाला, डांबर तो गिळून टाकतं. त्यासाठी बिनरंगाचं बाइंडर (खडी बांधून ठेवणारा चिकट माल) लागतं आणि ते नेहमीच्या डांबरापेक्षा पुष्कळ महाग पडतं. म्हणून हिरवे-निळे ट्रॅक बहुतेक ठिकाणी वरून लेप दिलेले असतात, आतपर्यंत रंगीत नसतात.

आता तुमचं प्रकरण. पेव्हर ब्लॉकवर ब्रशनं मारलेला रंग म्हणजे निव्वळ फोटोपुरता. ब्लॉक खालून ओल ओढतो, रंगाची साल सुटते, सांध्यांत माती बसते, आणि वर्षभरात लालचा चॉकलेटी आणि चॉकलेटीचा मळकट होतो. ब्लॉकची ती उतरती कडा जाऊन बघा. रंग सगळ्यात आधी तिथूनच जातो. त्यापेक्षा ब्लॉक टाकतानाच रंगीत टाकले असते तर बरं झालं असतं.

दुसरं, घसरण. साधा रंग ओला झाला की गुळगुळीत होतो. सायकलचं टायर बोटभर रुंदीचं, त्यात वळणावर ब्रेक मारला की संपलं. डांबरी पृष्ठावर थर्मोप्लास्टिक किंवा कोल्ड प्लास्टिकचा लेप देतात तेव्हा त्यात खरखरीत दाणे टाकता येतात. त्यात काचेचे मणी असतात ते रात्री चमकायला, पकडीला नव्हे. बैठकीत तीन रंगांचे नमुने दाखवतील तेव्हा एक बादली पाणी मागवा आणि नमुन्यावर ओतून चपलेनं घासून बघा. रंग कोणता हा प्रश्न त्यानंतरचा.

माधुरी_नेत्र | मंगळवार, दुपारी ३.०५

डांबरट, छान माहिती. थोडी भर, कारण माझं काम डोळ्यांचं.

लाल-हिरव्यात गोंधळ होणारे पुरुष कमी नाहीत. युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण साधारण ८ टक्के धरतात, आपल्याकडं त्याहून कमी, पण आहेच. अशा माणसाला काळपट रस्त्यावरचा मळका लाल पट्टा वेगळा उठून दिसत नाही. म्हणून रंगापेक्षा उजळपणातला फरक महत्त्वाचा, आणि कडेची पांढरी रेघ कधीही सोडू नये.

दुसरं, संध्याकाळ. उजेड कमी झाला की डोळ्याची संवेदनक्षमता निळ्या-हिरव्याकडं सरकते आणि लाल काळवंडतो. दुपारी ठसठशीत दिसणारा लाल ट्रॅक तिन्हीसांजेला आणि पाऊस पडत असेल तर सरळ रस्त्यात विरघळतो. वर पिवळे सोडियमचे दिवे असतील तर लाल काय आणि हिरवा काय, सगळंच तपकिरी. ऑफिस सुटतं तेव्हाची ही वेळ, म्हणजे नमुने सकाळी अकराच्या उन्हात बघून काही ठरवू नये.

टपरीसम्राट | मंगळवार, दुपारी ३.३०

म्हणजे बैठक तिन्हीसांजेला, पावसात, बादली आणि चप्पल घेऊन. नगरसेवक येणार का?

आकडेमोड्या | मंगळवार, रात्री १०.१५

प्रत्यक्ष मोजणी झालेल्या दोन जागा सांगतो. दोन्ही मोटार आणि सायकल एकमेकांना छेदतात तिथल्या आहेत.

अमेरिकेत पोर्टलँड शहरात १९९७ ते १९९९ या काळात जिथं मोटारी सायकलच्या वाटेला छेदतात अशा दहा जागा निळ्या केल्या. आधी सुमारे ७२ टक्के मोटारवाले सायकलला वाट द्यायचे, निळ्यानंतर ९२ टक्के. इथवर टाळ्या. पण त्याच अभ्यासात दिसलं की सायकलवाले मान वळवून मागं बघायचे कमी झाले आणि हात दाखवायचेही कमी झाले. म्हणजे रंगानं मोटारवाल्याला जागं केलं आणि सायकलवाल्याला निर्धास्त केलं.

दुसरा कोपनहेगनचा, २००८ साली प्रसिद्ध झालेला. तिथं अख्खा ट्रॅक रंगवत नाहीत. साधं डांबर आणि उंच कड, रंग फक्त चौकात. चौकात एकच पट्टा निळा असेल तर अपघात सुमारे १० टक्के घटले. दोन पट्टे निळे केले तर २३ टक्के वाढले. चारही बाजू निळ्या केल्या तर ६० टक्के वाढले! रंग तोच, चौकही त्याच शहरातले. चारी बाजूंना निळं दिसायला लागलं की ड्रायव्हरनं नक्की कुठं बघायचं हा त्यातला पेच असावा असं मानतात.

तेव्हा चाकावरती, 'लोकांना वेगळं वाटतं का' याचं उत्तर हो. पण वेगळं वाटणं आणि सुरक्षित होणं या दोन गोष्टी एकाच दिशेला जातील याची हमी नाही.

लंडनकर_जोशी | बुधवार, पहाटे २.१०

आकडेमोड्या यांना अनुमोदन. लंडनमध्ये २०१० साली 'सायकल सुपरहायवे' सुरू झाले ते भडक निळे. प्रायोजक एक बँक होती आणि निळा तिच्या ओळखीचा रंग, यावरून तेव्हा भरपूर टिंगल झाली. बऱ्याच ठिकाणी तो निळा म्हणजे नुसता रंग होता. ना कड, ना खांब. त्याच पट्ट्यावरून लॉरीही जायची.

बो नावाच्या मोठ्या चौकात २०११ मध्ये दोन सायकलस्वार लॉरीखाली गेले. २०१३ च्या चौकशीत कॉरोनरनं (मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं) त्या निळ्या पट्ट्यावरच बोट ठेवलं, की तो सायकलवाल्याला खोटी सुरक्षितता वाटायला लावतो. त्यानंतरचे चांगले मार्ग दगडी कड घालून वेगळे केलेले आहेत आणि नव्या मार्गांवर निळ्याचा हट्टही सोडून दिला. मी रोज ज्या मार्गानं जातो तो काळ्या डांबराचा आहे आणि जुन्या निळ्यापेक्षा शतपटीनं निवांत आहे.

सॅनहोजेची_सून | बुधवार, सकाळी ७.३०

फार गंभीर झालं, म्हणून आमच्याकडची गंमत. लॉस एंजेलिसच्या मध्यवस्तीत स्प्रिंग स्ट्रीटवर २०११ मध्ये झगझगीत हिरवी सायकल लेन केली. सायकलवाले खूश, पण सिनेमावाले नाराज! तो रस्ता चित्रीकरणासाठी फार मागणीतला. कुठल्याही शहराचा, कुठल्याही काळातला रस्ता म्हणून तो खपायचा. तो हिरवा कॅमेऱ्यात सगळीकडं डोकवायचा, नटांच्या चेहऱ्यावर त्याची झाक यायची. शेवटी २०१३ मध्ये हिरवा मंद करायचा आणि कमी जागेत ठेवायचा असं ठरलं.

अजून एक. सॅन डिएगोजवळच्या कोरोनाडो या गावात २०१५ मध्ये नुसत्या पांढऱ्या रेघांना लोकांनी विरोध केला. सभेत एका बाईंनी रेघांची तुलना मुलींच्या अंगावर गोंदवण्याशी केली. बेत बारगळला.

आणि पोर्टलँडचा निळा आता हिरवा झालाय. इथं निळा रंग अपंगांच्या पार्किंगला राखीव आहे, म्हणून २०११ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारकडून सायकल लेनसाठी हिरव्याला परवानगी आली. रंगाची 'भाषा' शेवटी कुणीतरी टेबलावर बसून ठरवतं ती अशी.

टपरीसम्राट | बुधवार, सकाळी ७.५५

आपल्याकडं टेबलावर ठरवा बरं. भगवा दिला तर एक पार्टी श्रेय घेणार, हिरवा दिला तर दुसरी मोर्चा काढणार, निळा दिला तर तिसरी विचारणार की आमच्या रंगावरून चाकं का फिरवता. पांढरा दिला की सगळे मिळून थुंकणार. (हलके घ्या.)

बोरीबंदर | बुधवार, सकाळी ९.४०

थुंकणार यावरून आठवलं. लाल दिला तर निदान पिचकाऱ्या दिसणार नाहीत, हा मुद्दा कुणीच कसा मांडला नाही?

बाकी मुंबईत बीकेसीचा (वांद्रे-कुर्ला संकुलाचा) ट्रॅक आठवतोय का कुणाला? वर्षानुवर्षं त्याचा उपयोग गाड्या लावायला आणि डबेवाल्या पोरांना टेकायला. २०२५ मध्ये तो काढून गाड्यांसाठी रस्ता रुंद करायचं ठरलं. कुठलाही रंग देऊन तो वाचला असता असं मला वाटत नाही. स्टेशनवरून बीकेसीत येणारा माणूस सायकल आणणार कुठून? ज्या वाटेवर सायकलच दिसत नाही ती वाट सायकलची आहे हे रंग पटवणार कुणाला?

संपादक | बुधवार, सकाळी १०.००

पक्ष आणि पिचकाऱ्या इथेच थांबवाव्यात. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

टपरीसम्राट | बुधवार, सकाळी १०.०२

प्रकाटाआ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

सुमनताई_के | बुधवार, दुपारी ४.२०

मी सत्तरच्या दशकात पुण्यात सायकलनं कॉलेजला जायचे, नंतर बँकेत. ट्रॅक नाही, रंग नाही, काही नाही. टिळक रस्त्यावर सकाळी सायकलींचा लोंढा असायचा आणि त्यातून स्कूटरवाल्याला वाट काढावी लागायची. अख्खा रस्ताच सायकलींचा होता म्हणून कुणाला रंगवायची गरज पडली नाही. साडी चाकात जाऊ नये म्हणून जाळी बसवायचो. रात्री डायनॅमो टायरला लावला की पेडल जड व्हायचं, म्हणून पोलीस दिसेपर्यंत लावायचा नाही, आणि त्यानं पकडलं की तो चाकातली हवा सोडून द्यायचा! मग ढकलत घरी.

तुमची चर्चा वाचून वाटतं, सायकली रस्त्यावरून नाहीशा झाल्या आणि मग त्यांची जागा रंगवायला घेतली. बोरीबंदर यांचं म्हणणं मला पटतं.

शेवंती_क | बुधवार, सायंकाळी ६.४५

सुमनताई, हवा सोडण्याचा किस्सा भारी! पण थोडी असहमत. माणसं आधी की ट्रॅक आधी, यात स्पेनमधलं सेव्हिल ट्रॅकच्या बाजूनं साक्ष देतं. तिथं सायकली जवळजवळ नव्हत्याच. २००६-०७ च्या सुमारास थोड्या काळात ८० किलोमीटरचे सलग ट्रॅक केले, हिरवे, आणि सायकली कित्येक पटींनी वाढल्या. माझ्या मते तिथं हिरव्याचं खरं काम असं झालं की नव्या माणसाला कळलं, ही वाट पुढच्या चौकात संपत नाही. हिरवा दिसतोय तोवर जात राहा. रंग अडवतो किती यापेक्षा नेतो कुठवर हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चाकावरती यांच्याकडं निम्मा लाल आणि निम्मा राखाडी आहे, म्हणजे लाल संपला तिथं ट्रॅकही संपला असंच कुणालाही वाटणार.

म्युनिकवाला | बुधवार, रात्री ८.३०

आमच्या जर्मनीत एका देशात दोन रंग. बर्लिननं हिरवा धरला, आम्ही म्युनिकला लाल, तोही मुख्यतः चौकातल्या धोक्याच्या जागी. दोन्हीकडं लोकांना आपापला रंग 'सायकलचा' वाटतो. कोणता रंग यानं फार फरक पडत नाही असं माझं मत. फक्त गावात एकच ठेवा आणि दुसऱ्या कशाला तो वापरू नका. धागाकर्त्यांच्या काकांचं बरोबरच आहे. त्यांनी आयुष्यात लाल ट्रॅक पाहिला तो पळायचा.

खड्डेश्वर | गुरुवार, सकाळी ९.१०

मग लाल नकोच ना आपल्याकडं? दुकानांपुढं लाल ब्लॉक, सोसायटीत लाल ब्लॉक, बागेत लाल ब्लॉक, जॉगिंग ट्रॅक लाल. लाल म्हणजे 'इथं चाला' हे आपल्या डोक्यात आधीच बसलंय. हिरवा निदान रिकामा आहे. (पक्ष सोडून.)

डांबरट | गुरुवार, सकाळी ११.३५

खड्डेश्वर, मुद्दा बिनतोड आहे. खर्चाकडं बघून मी लालच म्हटलं असतं, पण चालणाऱ्यांना तो ओढत असेल तर स्वस्त असूनही वाया. मी बैठकीत असतो तर असं मांडलं असतं. सलग लांबी रंगवूच नका. मधल्या भागात साधा काळा रस्ता, पांढरी रेघ, सायकलचं चित्र आणि मोटार चढणार नाही इतकी कड. रंगाचे पैसे गल्ल्यांच्या तोंडांवर आणि पेट्रोल पंपाच्या वाटांवर घाला, कारण तिथं मोटार सायकलला आडवी येते. तेवढ्या जागा खरखरीत दाण्यांच्या हिरव्या लेपानं करा आणि जमलं तर शेवंतीताईंनी लिहिलंय तसा चढ द्या. चौकात मात्र चारही बाजू रंगवायचा मोह टाळा. उरलेल्या पैशांत डीपी हलवा.

दुकानदार_कोपऱ्यावरचा | गुरुवार, दुपारी १२.१०

आणि टेंपोसाठी खाच. कड घातली की टेंपो रस्त्याच्या मधोमध उभा राहणार, मग शिव्या आम्हालाच.

डांबरट | गुरुवार, दुपारी १२.२५

खाच द्यायलाच हवी. ट्रॅक आणि रस्ता यांच्या मध्ये ठेवा, म्हणजे टेंपो रस्त्याच्या बाजूनं आत शिरेल, ट्रॅकवर येणार नाही. माल हातगाडीनं ट्रॅक ओलांडेल, तेवढ्यापुरतं सायकलवाल्यानं थांबावं.

चाकावरती | गुरुवार, रात्री १०.५०

बैठक पुढच्या आठवड्यात आहे. मागण्या लिहून काढल्या: सलग रंग नको, गल्ल्यांची तोंडं हिरवी, खरखरीत लेप, पांढरी रेघ, टेंपोची खाच. आज सहज आमच्या कनिष्ठ अभियंत्यांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, कड, खाच आणि डीपी यांचं 'हेड' (खर्चाचं खातं) वेगळं, या कामात फक्त रंगाची तरतूद आहे, आणि ती मार्चच्या आत खर्च व्हायला हवी. यावर कुणाला अनुभव आहे का? एका हेडचे पैसे दुसरीकडं वळवता येतात का?

डांबरट | गुरुवार, रात्री ११.१५

निविदा निघाली असेल तर अवघड, नसेल तर कामाचं वर्णनच बदलून मागा. 'रंगकाम' ऐवजी 'मार्किंग व सुरक्षाविषयक कामे' असं आलं तर कड त्यात बसू शकते. उद्याच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. फोनवर बोललेलं धरत नाहीत.